सोनेगावची मिळकत, बेलोऱ्याचा खर्च

नागपूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर



सोनेगावच्या विमानतळाचा मालक कोण, हे आपल्या गावात चार माणसांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतील, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही अगदी चूक नसेल. विमान कधी उतरवायचं, कधी उडू द्यायचं हे सांगणारे नियंत्रण कक्षातले लोक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. दारात ओळखपत्र तपासणारा जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. धावपट्टीच्या पलीकडे हवाई दलाचा तळ. विमानतळ ज्या कंपनीच्या ताब्यात आहे तिचं नाव मिहान इंडिया लिमिटेड. तिच्यात ५१ टक्के वाटा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा आणि ४९ टक्के प्राधिकरणाचा. आणि ८ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या करारानं तोच विमानतळ ३० वर्षं चालवण्याचा, वाढवण्याचा हक्क जीएमआर या खासगी समूहाला दिलेला. एवढ्या हिस्सेदारांची शेती असती तर सातबारा वाचायला तलाठ्याला दुपार लागली असती.

या गर्दीतली जी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी आहे, जिला आपण सगळे एमएडीसी म्हणतो, ती आज माझा विषय आहे. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते त्या सरांना ताळेबंद वाचायचा नाद होता. जमा बाजू सगळेच वाचतात, तुम्ही खर्चाच्या बाजूनं सुरुवात करा, असा त्यांचा शिरस्ता. आज मी तोच धरणार आहे. पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण नागपूरकराला विमानाबद्दल बोलताना अभिमानाचे दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला सोनेगावला विमानं उतरू लागली, पण त्याला खरा मान मिळाला तो जानेवारी १९४९ मध्ये. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. टपाल रात्रीत देशभर पोचलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं सोनेगावला येऊन उभी राहायची. मग थैल्यांची अदलाबदल. मुंबईहून आलेल्या विमानाच्या पोटातून दिल्लीची, कलकत्त्याची, मद्रासची टपालाची पोती बाहेर काढायची, त्या त्या विमानात चढवायची, आणि तिन्हीकडून मुंबईची पोती आणून याच्यात भरायची. प्रवासीही असायचे, मद्रासहून दिल्लीला जाणाऱ्यानं अर्ध्या रात्री इथं उतरायचं, पाय मोकळे करायचे आणि शेजारच्या विमानात जाऊन बसायचं. पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. कलकत्त्याच्या पेढीनं संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पेढीच्या टेबलावर. त्याच वर्षी एप्रिलपासून जादा तिकीट न लावता साधी पत्रंही विमानानं जाऊ लागली.

जे. आर. डी. टाटांना ही योजना अजिबात मान्य नव्हती. रात्रीच्या उड्डाणाला लागणारी जमिनीवरची साधनं पुरेशी नाहीत आणि हिशेबही बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी उघडपणे मांडलं. किडवई मागं हटले नाहीत. काम आधी लहान खासगी कंपन्यांकडं गेलं, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडं आलं. टाटांची भीती पोकळ नव्हती. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडं निघालेलं रात्रीच्या टपालाचं डाकोटा सोनेगावहून उडालं आणि लगेच कोसळलं. १३ जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. गेलेल्यांत कामगार चळवळीचे नेते आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. तरीही ही सेवा १९७३ पर्यंत चालू राहिली.

याच सोनेगावला ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीहून मुंबईला निघालेलं विमान थांबलं. त्यात बाबासाहेबांचं पार्थिव होतं. दीक्षाभूमीवरच्या त्या अपूर्व सोहळ्याला दोन महिनेही झाले नव्हते. ज्या माणसांनी ऑक्टोबरात दीक्षा घेतली तीच माणसं त्या थंडीत विमानतळावर अंत्यदर्शनाला आली. २००५ साली विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ज्यांना हे ठाऊक होतं त्यांना त्याचं कारण विचारावं लागलं नाही.

टपालाच्या गोष्टीकडं परत येतो, कारण तिच्यात माझ्या विषयाचं बीज आहे. किडवई आणि टाटा यांच्यातला वाद मुळात कोण बरोबर हा नव्हता. टाटा विमान कंपनीचा हिशेब मांडत होते, किडवई देशाचा. दोघांची वही वेगळी. सरकारनं अशी सेवा चालवायची ठरवली की पहिला प्रश्न येतो तो हा, की खर्च कुठल्या वहीत लिहायचा. किडवईंनी तो टपाल खात्याच्या वहीत लिहिला आणि विषय मिटवला. आपण २००२ पासून तो कुठं लिहायचा हे ठरवत आहोत.

२००२ साली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, राज्य सरकारनं एमएडीसी काढली. अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. भांडवल सिडको, एमआयडीसी, नागपूर सुधार प्रन्यास, महापालिका अशा सार्वजनिक संस्थांचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते आर. सी. सिन्हा पुढं कितीतरी वर्षं तिचे कर्तेधर्ते राहिले. कंपनी जन्माला आली ती मिहानसाठी. म्हणजे सोनेगाव हे मालवाहतुकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र होणार, दुसरी चार किलोमीटरची धावपट्टी होणार, शेजारी विशेष आर्थिक क्षेत्र होणार, आणि हे सगळं एका हातानं व्हावं म्हणून ही कंपनी. चार हजारांहून अधिक हेक्टरांचा पसारा. आणि हो, जी कंपनी नागपूरसाठी काढली तिचं मुख्य कार्यालय मुंबईला, कफ परेडला. महाराष्ट्रात येताना विदर्भाला न्याय्य वाट्याचं वचन देणाऱ्या नागपूर कराराला पन्नास वर्षं व्हायला आली होती तेव्हा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपणही सवयीनं गप्प बसलो.

मिहानचं पुढं काय झालं याच्यावर आपल्याकडं इतके अग्रलेख लिहिले गेले आहेत की मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगतो. एअर इंडियानं बोइंगकडं ६८ विमानांची मागणी नोंदवली, त्या सौद्यापोटी बोइंगनं दहा कोटी डॉलरची विमानदुरुस्तीची कार्यशाळा नागपूरला द्यायचं कबूल केलं, आणि ती सुरू व्हायला २०१५ उजाडलं. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या. एम्स आली, आयआयएमचं आवार आलं. दसॉ आणि रिलायन्स यांच्या भागीदारीतला विमानाच्या भागांचा कारखाना आला. खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली. यातलं एकही वाईट नाही. पण पाहा, राजेहो, यादीत मालवाहतुकीचं केंद्र कुठं आहे? संत्रा अजूनही ट्रकनं बांगलादेशाच्या सीमेकडं जातो आणि तिथल्या आयात शुल्काच्या नावानं बोटं मोडतो. दुसऱ्या धावपट्टीचं घोडं हवाई दलाच्या जमिनीच्या अदलाबदलीपाशी वर्षानुवर्षं पेंड खात राहिलं. शिवणगावच्या लोकांनी जमिनी दिल्या आणि मोबदल्यासाठी, पुनर्वसनासाठी मोर्चे काढता काढता एक पिढी म्हातारी झाली.

जे झालं त्याला मी अपयश म्हणत नाही. विमानतळासाठी काढलेली कंपनी जमिनीची कंपनी झाली, असं म्हणतो. तिची कमाई भूखंड भाडेपट्ट्यानं देण्यातून आली. आणि विमानतळ हातात आला तो उशिरा, ऑगस्ट २००९ मध्ये, प्राधिकरणाबरोबरच्या भागीदारीत. मिहान इंडिया लिमिटेड ती हीच. त्यानंतर सोनेगाव हळूहळू कमावता झाला. प्रवासी वाढले, दुकानं आली, जाहिराती आल्या.

विमानतळ कमावता झाला की तो खासगी हातात देण्याची चर्चा सुरू होते, हा आपल्याकडचा क्रम आहे. दिल्ली-मुंबई २००६ मध्ये गेले. इथं निविदा निघाली, जीएमआरची बोली सगळ्यात वरची ठरली. ढोबळ उत्पन्नाच्या ५.७६ टक्के वाटा देऊ असं तिनं म्हटलं होतं; वाटाघाटी होऊन तो १४.४९ टक्क्यांवर आला आणि मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचं पत्र गेलं. वर्षभरानं, मार्च २०२० मध्ये, निविदाच रद्द झाली. उत्पन्न वाढलं आहे, नव्यानं बोली मागवली तर जास्त मिळेल, असा सरकारी बाजूचा विचार. जीएमआर उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये खंडपीठानं रद्द करण्याचा निर्णयच रद्द केला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. मग फेरविचार, मग दुरुस्ती याचिका, आणि २७ सप्टेंबर २०२४ रोजी तोही दरवाजा बंद. दहा-बारा दिवसांत करार झाला.

मला खासगीकरणाच्या बाजूनं किंवा विरुद्ध घोषणा द्यायची नाही. सरकारनं विमानतळ चालवले की ते कसे चालतात हे आपण पाहिलेलं आहे. पावसाळ्यात छतातून गळणारं पाणी कुठल्या विचारसरणीचं असतं हे मला ठाऊक नाही. माझी अडचण वेगळी आहे. साडेपाच वर्षं सगळी शक्ती, सगळे वकील, सगळ्या बातम्या या एका प्रश्नाभोवती फिरल्या की जमेतला किती टक्के वाटा मिळणार. त्या काळात एमएडीसीच्या खर्चाच्या बाजूला काय वाढत होतं, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

वाढत होते छोटे विमानतळ.

शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यात काकडीला आहे. तो या कंपनीनं बांधला, ती चालवते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. साईबाबा संस्थाननं ५० कोटी रुपये दिले. अडीच किलोमीटरची धावपट्टी, भाविकांची रीघ, म्हणजे छोट्यांमधला हा सुदैवी. तरी त्याची परवड पाहा. साधनांच्या आधारानं विमान उतरवण्याची सोय नसेल तर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, त्यासाठी ठरावीक अंतरापर्यंत नजर पोचावी लागते. २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता घसरली आणि शिर्डीची उड्डाणं आठवडेच्या आठवडे बंद पडली. रात्रीची नियमित उड्डाणं सुरू व्हायला मार्च २०२५ उजाडावं लागलं. काकडी ग्रामपंचायतीनं कराची थकबाकी मागितली ती गोष्ट निराळी. गावाच्या शिवारात विमानं उतरणार आणि गावाला घरपट्टी मिळणार नाही, हे ग्रामसेवकाला कसं पटावं?

बोरामणी सोलापूरजवळ. नवा विमानतळ करायचा म्हणून कंपनीनं जमीन घेतली, आणि माळढोकाच्या वनजमिनीपाशी गाडी अडली. इकडं शहरातल्या होटगी रस्त्याच्या जुन्या विमानतळाला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आडवी येत होती. १५ जून २०२३ रोजी ती पाडली आणि दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, गोव्याचं विमान सुरू झालं. चिमणी पडली तेव्हा कामगार रडले, त्यांचे फोटो छापून आले. चंद्रपूरला मोरव्याची जुनी धावपट्टी आहे. मोठा विमानतळ राजुऱ्याकडं विहीरगाव-मूर्तीला करायचा घाट घातला तर मध्ये जंगल आणि वाघ. माझं मत विचाराल तर तिथं वाघाचं म्हणणं मान्य करावं.

आणि अमरावतीचं बेलोरा. इथं मी थोडा थांबतो, कारण बेलोऱ्यात छोट्या विमानतळाचा सगळा हिशेब उघडा दिसतो.

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर-७२ बेलोऱ्याला उतरलं. पश्चिम विदर्भानं या दिवसाची किती वाट पाहिली हे अमरावतीच्या माणसाला विचारा. धावपट्टी १८५० मीटर. विमान सत्तर-बहात्तर आसनांचं, पंख्याचं, म्हणजे या लांबीला साजेसं. पण मे महिन्यात दुपारी अमरावतीचं तापमान ४४-४५ अंशांवर गेलं की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, आणि तेच विमान उडायला जास्त लांब धावावं लागतं. धावपट्टी तर ताणता येत नाही. मग वजन कमी करायचं. म्हणजे काही खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, किंवा इंधन कमी भरायचं, किंवा पहाटे-संध्याकाळची वेळ धरायची. विमानाची वेळ गैरसोयीची आहे अशी तक्रार करताना हा उन्हाळा लक्षात ठेवावा.

आता त्या एका विमानासाठी जमिनीवर काय काय उभं राहावं लागतं ते पाहा. विमानाच्या लांबीवरून अग्निशमनाची पातळी ठरते. त्या पातळीचा बंब, फोम, पाणी आणि प्रशिक्षित माणसं विमान उतरण्याआधी जागेवर हजर हवीत. धावपट्टीवरून फेरी मारून खडा, चिंधी, मेलेलं जनावर काही नाही ना हे पाहावं लागतं. पक्षी हाकलावे लागतात. शेजारच्या शेतात नांगर चालला की बगळे येतात. कुंपणाखालून शिरणारी रानडुकरं, कुत्री हा वेगळा विषय. सामानाची तपासणी यंत्रं, ती चालवणारी माणसं, स्त्री प्रवाशांच्या झडतीला महिला कर्मचारी, पोलीस. हवामानाच्या नोंदी. दिवे, त्यांना जनित्राचा आधार. आणि हे सगळं विमान आठवड्यातून तीनदा आलं तरी तेवढंच आणि रोज आलं तरी जवळपास तेवढंच. सोनेगावला हा खर्च दिवसभराच्या कितीतरी विमानांवर पसरतो. बेलोऱ्याला तो एका विमानाच्या डोक्यावर बसतो.

आणि त्या विमानाकडून काय मिळतं? आता जरा कान देऊन ऐका. बेलोऱ्याचं विमान उडान योजनेत आलं. २०१६ साली केंद्रानं काढलेली ही योजना. तिच्यात विमान कंपनीनं काही आसनं ठरावीक स्वस्त दरानं विकायची आणि तिचा जो तोटा होईल तो तीन वर्षं भरून द्यायचा. त्या भरपाईतला २० टक्के वाटा राज्याचा, बाकीचा पैसा मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी अमरावतीच्या प्रवाशाला हातभार लावतो. कल्पना न्याय्य आहे. पण हा पैसा जातो विमान कंपनीला. विमानतळाला नाही. उलट योजनेतल्या उड्डाणांना विमान उतरवण्याचं आणि उभं करण्याचं शुल्क माफ. सुरक्षा आणि अग्निशमन राज्यानं फुकट पुरवायचं. म्हणजे बेलोऱ्याला विमान आलं की मालकाची कमाई सुरू होते असं नाही. खर्च तेवढा सुरू होतो.

तीन वर्षांनी काय होतं? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात ते मांडून ठेवलं आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीचा पूर्ण काळ टिकले ११२. आणि सवलत संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले फक्त ५४. सवलतीचा टेकू काढला की विमान उडून जातं आणि बंब, फोम, कुंपण, जनित्र मागं राहतं. हत्ती निघून गेला, शेपूट सांभाळायला कंपनी.

खासगी हातानं हे सुटलं असतं का? तोही प्रयोग आपण केलेला आहे. २००९ साली नांदेड, लातूर, उस्मानाबाद, बारामती आणि आपल्या विदर्भातलं यवतमाळ, असे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले. यवतमाळकरांनी धावपट्टीवर उगवलेलं गवत पाहिलं. शेवटी एमआयडीसीला ते परत घेण्याच्या मागं लागावं लागलं. यात कुणाच्या नियतीला दोष देण्याची गरज नाही. जिथं मिळकत नाही तिथं धंदेवाला टिकत नाही, त्यानं टिकावं अशी अपेक्षाच चूक होती.

बाहेरच्या जगात हे कसं करतात? दोन उदाहरणं सांगतो, कारण दोन्ही सरकारी कंपन्याच आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर एक सरकारी कंपनी आहे, ती अकरा विमानतळ चालवते. त्यातला बॅरा बेटावरचा विमानतळ म्हणजे समुद्राची वाळू. भरतीला धावपट्टी पाण्याखाली जाते. ओहोटीचं गणित मांडून विमानांचं वेळापत्रक ठरतं. या कंपनीला दरवर्षी तिथलं सरकार अनुदान देतं आणि तसं ते उघडपणे लिहितं. बेटावरच्या रुग्णाला मुख्य भूमीवर न्यायला विमान हवं, त्याची किंमत एवढी, ती आम्ही देतो. प्रश्न मिटला. दुसरं नॉर्वे. तिथं आव्हिनॉर ही सरकारी कंपनी चाळीसहून अधिक विमानतळ चालवते. ओस्लो आणि आणखी दोन-तीन मोठे विमानतळ कमावतात, बाकीचे बहुतेक तोट्यात, आणि मोठ्यांच्या कमाईतून छोट्यांचा खर्च भागतो. उत्तरेच्या टोकाला, जिथं हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, तिथं विमान उतरतं ते ओस्लोच्या दुकानांतल्या विक्रीवर. एका देशानं अनुदानाचा मार्ग घेतला, दुसऱ्यानं मोठ्यानं छोट्याला पोसायचा. दोघांनीही खर्च कुठल्या वहीत ते नक्की केलं.

आपण काय केलं? नॉर्वेसारखी रचना आपल्या हातात आपोआप आली होती. एकाच कंपनीकडं कमावता सोनेगाव, बऱ्यापैकी शिर्डी, आणि मागं बेलोरा, मोरवा असे खर्चाचे. वेगळा कायदा करावा लागला नसता. पण कमावता विमानतळ वेगळ्या कंपनीत, ती वेगळी कंपनी भागीदारीत, तिचं चालवणं करारानं तिसऱ्याकडं. आणि छोट्यांचा भार मूळ कंपनीवर. आता तर राज्यातल्या आणखी धावपट्ट्या याच कंपनीच्या पदरात टाकण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते. ज्या जमिनीच्या पैशावर ती उभी आहे ती जमीन एकदाच भाड्यानं देता येते.

अमरावतीला विमान कशाला हवं, दोन-अडीच तासांवर नागपूर आहे, असं म्हणणारे इथंही बसले असतील. त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. समृद्धी महामार्गानंतर ते अधिकच वजनदार झालं आहे. प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ ही मागणी पुढाऱ्यांच्या सोयीची आहे. मंत्र्याचं विमान उतरलं की जिल्ह्याचा विकास झाला असं मानणारे आपल्याकडं कमी नाहीत. अकोल्याच्या शिवणीला प्राधिकरणाची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळापासून आहे, ती वाढवायची तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन हवी, म्हणून ती आखूडच राहिली. आणि शेजारी बेलोरा झाल्यावर शिवणी हवीच का, हा प्रश्न मी अकोल्यात विचारणार नाही, नागपुरात विचारतो. पण बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था येते आहे, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. त्या शिकाऊ विमानांचं शुल्क, जागेचं भाडं ही कदाचित बेलोऱ्याची खरी कमाई ठरेल. गोंदियाच्या बिरसीला प्रवाशांच्या आधी वैमानिकांच्या शाळेनं धावपट्टी जागती ठेवली, हे उदाहरण शेजारीच आहे. तेव्हा हो किंवा नाही हे एका वाक्यात सांगता येणार नाही. विमानतळागणिक हिशेब मांडूनच सांगता येईल.

म्हणून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत, आणि दोन्ही फार साध्या आहेत. पहिली: कंपनीनं वार्षिक अहवालात प्रत्येक विमानतळाचा खर्च आणि जमा वेगवेगळी छापावी, मराठीत छापावी, आणि तो अहवाल विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात ठेवावा. शिर्डी किती, बेलोरा किती, मोरवा किती. आज जमिनीच्या उत्पन्नाच्या सावलीत हे आकडे मिसळून जातात. ज्या गावाला विमान हवं आहे त्या गावाला त्याची किंमत कळली पाहिजे. एसटीच्या तोट्यातल्या मार्गाचा हिशेब आगाराला ठाऊक असतो. गाडी बंद करायची की चालू ठेवायची हे मग गावकरी आणि आगारप्रमुख भांडून ठरवतात. भांडणाला निदान आकडा असतो.

दुसरी गोष्ट त्या १४.४९ टक्क्यांची. जीएमआर जो वाटा देईल तो मिहान इंडिया लिमिटेडकडं येईल. तिथून ५१ टक्के हिस्सेदार म्हणून विमानतळ विकास कंपनीला जे मिळेल त्यातला ठरावीक भाग विदर्भातल्या छोट्या विमानतळांच्या सुरक्षेला, अग्निशमनाला आणि रात्रीच्या दिव्यांना लेखी बांधून द्यावा, संचालक मंडळाच्या ठरावानं. कंपनीचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि सध्याचे मुख्यमंत्री याच शहरातले आहेत, त्यामुळं निवेदन द्यायला मुंबईचं तिकीट काढायची गरज नाही. हा ठराव झाला तर तीन वर्षांची सवलत संपल्यावर बेलोऱ्याचं काय, याला आज उत्तर मिळतं. झाला नाही तर २०२८ च्या उन्हाळ्यात अमरावतीची मंडळी तेच निवेदन घेऊन येतील आणि तोवर विमान गेलेलं असेल.

कंपनीत काम केलेली काही मंडळी श्रोत्यांत दिसताहेत. बेलोऱ्याच्या महिन्याच्या खर्चाचा आकडा त्यांच्यापैकी कुणी सांगणार असेल तर प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू या.